जुन्या नाण्यांची हसरी दिवाळी शुभेच्छापत्रे कशी करावीत

विनोद नाण्यावरच्या चित्रातूनच निघायला हवा. राजाच्या डोक्यावर आकाशकंदील चिकटवून नाणेसंग्राहक हसत नाहीत.

समुद्रगुप्ताचे वीणावादक नाणे बघा. राजा उंच पाठीच्या आसनावर बसून धनुष्याकृती वीणा वाजवतोय. खाली ‘दिवाळी पहाट. प्रवेशिका संपल्या!’ एवढेच लिहावे. मागच्या बाजूला लक्ष्मी आहे. ती बाजू लक्ष्मीपूजनाच्या दिवशी साध्या शुभेच्छांसह पाठवावी, देवीवर विनोद नको. आपल्याकडे गुप्तांचे सोने नसेल तर संग्रहालयाचे छायाचित्र वापरावे आणि तसे स्पष्ट लिहावे.

गोव्यात कदंब राजांचा सिंह हमखास चालतो. सोन्याच्या नाण्यावर तो एक पंजा उचलून उभा असतो आणि हाच सिंह आपल्या सरकारी कदंबा बसवरही आहे. नरकासुराचे पुतळे बघून पहाटे घरी निघालेल्यांसाठी कोकणी ओळ तयारच आहे: ‘ओ कंडक्टर, राव रे!’ (थांब रे!) फक्त नाण्याची मागची बाजूही जोडा आणि चित्र कापताना तिथला ‘श्री सप्तकोटीश्वर लब्धवरप्रसाद’ (सप्तकोटीश्वराचा वर लाभलेला) हा लेख तोडू नका. जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

सगळ्यांत रसाळ विषय नहपानाचा. या क्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, चांदीची नाणी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या शिक्क्याने पुन्हा ठोकली. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे 1906 साली 13 हजारांवर नाणी सापडली, त्यांतली दोन तृतीयांशांहून अधिक अशी पुनर्मुद्रित होती. ओळ: ‘मिठाईचा डबा तोच, नाव नवे.’ मात्र नवीन चिन्हांखालून नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षरे डोकावत असलेले नाणेच निवडा. जुना ठसा पूर्ण बुजला असेल तर विनोद कळत नाही.

ओळ दहा-बारा शब्दांच्या आत ठेवावी. त्याखाली बारीक अक्षरांत राजा, धातू आणि वजन द्यावे. संवादाचा फुगा नाण्यावर न आणता बाहेरच्या मोकळ्या जागेत काढावा.

छायाचित्रासाठी नाणे खोडरबरावर ठेवा, म्हणजे सावली खाली कागदावर दूर पडते. उजेड एका बाजूने, तिरपा आणि कमी उंचीवरून यावा; समोरून फ्लॅश मारला की चांदी पांढरीफटक होते आणि उठाव सपाट दिसतो. मोबाइल एक वीत वर धरून दुप्पट झूम करा. फार जवळ नेलात तर त्याचीच सावली नाण्यावर पडते. दोन सेकंदांचा टायमर लावला की हात हलत नाही.

पणती, तेल, कुंकू, पंचामृत यांपासून खरे नाणे दूर ठेवा. सजावटीत छापील चित्र वापरा. दिवाळीच्या साफसफाईत तांब्याचे नाणे समईसारखे चिंचेने घासणे तर सर्वांत घातक. आम्लाने वरचा जुना थर जातो आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवी भुकटी धरते. असा काळसर थर शाबूत असलेल्या नाण्याला ‘अभ्यंगस्नान आम्हाला वर्ज्य’ ही ओळ शोभते.

व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर लेखाची अक्षरे पुसट होतात. आखातात किंवा लिस्बनला असलेल्या नातलगांना केवळ चित्रच पाठवा. 100 वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.