नाताळ ते रथसप्तमी : गल्लीने मिळून सण आणि घरोघरच्या बातम्या कशा सांभाळाव्यात

गल्लीचा तिळगूळ समारंभ ठरला की बहुतेक ठिकाणी पहिला विषय वर्गणीचा निघतो. पहिला विषय बातम्यांचा हवा. वर्षभरात कोणाकडे बाळ झालं, कोणाच्या सुनेची ही पहिली संक्रांत, कोणाकडे माणूस गेलंय म्हणून यंदा सण नाही, हे आधी कळलं तरच बोरन्हाण कोणाचं, हलव्याचे दागिने कोणाला आणि कोणत्या दारी ताट न नेता नुसतं जाऊन बसायचं, हे ठरवता येतं. ही माहिती नसली की ज्या घरात तीन महिन्यांपूर्वी आजोबा गेले तिथेच कोणीतरी हसत वाण घेऊन उभं राहतं, आणि दोन्ही बाजूंना अवघडून जातं.

पुढची पद्धत चाळीसेक घरांच्या गल्लीसाठी आहे. चरई, नौपाडा, उथळसर, चेंदणी अशा जुन्या ठाण्यात तीन-चार मजली इमारती, एखादी उरलेली चाळ आणि मधून जाणारा अरुंद रस्ता असतो, तशी गल्ली डोळ्यांसमोर ठेवा. नवी मुंबईत सेक्टरमधल्या रो-हाउसच्या ओळीलाही ती तशीच लागू पडते.

बातम्यांची यादी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक इमारतीतून एक माणूस नेमा. तो शक्यतो असा असावा, ज्याचं सगळ्या मजल्यांवर जाणं-येणं आहे. त्याने घरोघर जाऊन विचारायचं, फोनवर नाही. मिळालेलं सगळं वहीत उतरवायचं, आणि ज्यांना चालेल त्यांच्याच बातम्या गल्लीत लावलेल्या फळ्यावर लिहायच्या. प्रश्न साधा ठेवा : "काकू, यंदा आपल्याकडे काय नवीन? गल्लीच्या फळ्यावर काय लिहू आणि काय नको?" प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कधीही गाळू नका.

वहीत प्रत्येक घरासाठी पाच रकाने पुरतात : घरातल्या सर्वांची नावं, वर्षभरातली बातमी, ती फळ्यावर लिहायची की नाही, खाण्याची पथ्यं (मधुमेह, शेंगदाण्याची किंवा तिळाची अॅलर्जी, अंडं चालतं की नाही), आणि डिसेंबर-जानेवारीत घरी येणारी मंडळी. शेवटचा रकाना फार कामाचा आहे. पुण्याला शिकणारा मुलगा, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, गावाहून आलेले आजी-आजोबा यांना नावाने बोलावलं की ते येतात. "तुमच्याकडचे पाहुणे पण" एवढ्याने कोणी येत नाही.

पुनर्विकासासाठी रिकाम्या झालेल्या इमारतीतली कुटुंबं यादीतून हमखास सुटतात. भाड्याने कोणी कळव्याला, कोणी माजिवड्याला, कोणी घोडबंदर रोडला गेलेलं असतं आणि परत यायला तीन-चार वर्षं लागतात. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान करा, सध्याचा पत्ता लिहा, आणि त्यांची बातमी विचारायला एका माणसाला एक पूर्ण रविवार द्या. गल्लीपासून तुटत चाललेली माणसं हीच असतात, म्हणून आमंत्रण आधी त्यांना जावं.

फळ्यावर काय लिहायचं? जन्म, बारसं, साखरपुडा, लग्न, नोकरी, निवृत्ती, पंचाहत्तरी, परीक्षेतलं यश (टक्के न लिहिता), नवीन राहायला आलेलं कुटुंब. गरोदरपणाची बातमी त्या बाईने स्वतः सांगितल्याशिवाय लिहू नका. सासूबाईंनी आनंदाने सांगितली तरी नाही. आजारपण, पगार, मोडलेलं लग्न लिहू नका. मुलांच्या फोटोसोबत शाळेचं नाव नको. आणि "जोशी कुटुंब 10 दिवस कोकणात" असं तर कधीच लिहू नका, कारण घर बंद आहे हे रस्त्यावरून जाणारा कोणीही वाचतो. गावाला जाणाऱ्यांच्या गोष्टी परत आल्यावर लिहाव्यात.

निधनाची बातमी बाकीच्यांच्या रांगेत बसवू नका. फळ्याच्या वरच्या बाजूला वेगळी चौकट करून फक्त नाव आणि तारीख लिहा. त्या घरी वयाने मोठ्या माणसाने जाऊन विचारावं : "वहिनी, अण्णांच्या नंतरचं हे पहिलं वर्ष. तिळगूळ आणून दिला तर चालेल ना?" त्या वर्षी स्वतःच्या घरी गोडधोड करत नाहीत, पण शेजाऱ्यांनी आणून दिलेलं बहुतेकांना चालतं. एखाद्या घरी तेही नको असतं. विचारल्याशिवाय कळत नाही.

फळा साधारण तीन बाय चार फुटांचा, आडोशाला, म्हाताऱ्या माणसाला चष्मा लावून उभ्याने वाचता येईल अशा उंचीवर लावा. अक्षर किमान दीड इंच. खडूचा फळा धुळीने दोन दिवसांत पुसट होतो; पांढरा बोर्ड किंवा कार्डशीटच्या चिठ्ठ्या टिकतात. व्हॉट्सअॅप ग्रुप असला तरी फळा हवाच, कारण ग्रुपवर शंभर सुप्रभातांखाली बारशाची बातमी गाडली जाते आणि ज्यांना ती सर्वांत जास्त हवी असते ते आजी-आजोबा ग्रुपवर नसतात. ग्रुपवर दिवसाला एकच संदेश टाका : आजच्या फळ्याचा फोटो.

तारखा

पंचांग उघडून तीन गोष्टी पाहा. पहिली, नाताळ मार्गशीर्षात येतो की पौषात. 2025 मध्ये मार्गशीर्ष 19 डिसेंबरच्या सुमारास संपला, त्यामुळे नाताळ पौषात आला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने मार्गशीर्ष पुढे सरकला आणि 24 डिसेंबरचा गुरुवार मार्गशीर्षातला गुरुवार ठरला. अशा वर्षी कित्येक घरांत महिनाभर अंडंही चालत नाही आणि गुरुवारी बायकांचा उपास असतो. एकत्र खाण्याचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवला की निम्मी गल्ली ताट बाजूला ठेवते.

दुसरी, संक्रांत 14 ला की 15 ला. 2024 मध्ये ती 15 जानेवारीला होती.

तिसरी, रथसप्तमी. हळदीकुंकू आणि बोरन्हाण यांची मुदत तिथपर्यंतच असते आणि ती दरवर्षी बदलते. 2024 मध्ये रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर हाताशी होता. 2026 मध्ये ती 25 जानेवारीला आली आणि संक्रांतीनंतर दोनच रविवार मिळाले. मुदत आखूड असेल तर गल्लीचा समारंभ पहिल्याच रविवारी घ्या, नाहीतर घरोघरच्या हळदीकुंकवांशी टक्कर होते.

नाताळ

ख्रिस्ती कुटुंबांना 24 च्या रात्री चर्चमध्ये जायचं असतं. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या परिसरात त्या रात्री गर्दी असते. 25 ची दुपार त्यांच्या नातेवाइकांची. म्हणून गल्लीची भेट 25 च्या संध्याकाळी सहानंतर किंवा 26 ला ठेवा, आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या. घर त्यांचं असलं तरी सगळं त्यांच्यावर टाकू नका. चहा, खुर्च्या, कागदी बशा बाकीच्यांनी आणाव्यात.

ताटात नेवऱ्या (करंजीसारख्या), कुलकुल (पिठाचे तळलेले गोड वळे), दोदोल (गूळ-नारळाची मऊ मिठाई) असतं. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, अनारसेही होतात. केकला चिठ्ठी लावा : अंड्याचा, बिनअंड्याचा. रम घातलेला केक वेगळ्या ताटात आणि मुलांच्या हातापासून दूर. दिवाळीचे आकाशकंदील जपून ठेवले असतील तर चांदणीच्या आकाराचे त्यातून निवडून पुन्हा लावा. आतला दिवा एलईडी हवा. जुना तापणारा बल्ब कागद करपवतो.

तिळाचे लाडू, चाळीस घरांसाठी

घरटी चार लाडू धरले तर 160. त्यासाठी पॉलिश न केलेले तीळ 1 किलो, साधा गूळ 1 किलो, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट अर्धा किलो, किसून भाजलेलं सुकं खोबरं 200 ग्रॅम, तूप 4 मोठे चमचे, वेलची पूड 2 छोटे चमचे. पंधरा ग्रॅमचे दीडशे ते पावणेदोनशे लाडू होतात. जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. संक्रांतीच्या आदल्या दोन दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आठवडाभर आधी जा.

गूळ निवडताना चूक होते. चिक्कीचा गूळ घेतला तर लाडू कडक होतात आणि दातांचा प्रश्न असलेली माणसं ते नुसते हातात धरून बसतात. सगळ्या वयांसाठी साधा, पिवळसर-तपकिरी गूळच बरा.

चार घाणे करा, प्रत्येकी पाव किलो तिळाचे. एकदम किलोभर करायला गेलात तर अर्धे वळून होईपर्यंत उरलेलं मिश्रण दगड होतं. तीळ मंद आचेवर, सतत हलवत, तडतडून फुगेपर्यंत भाजा. रंग गडद होऊ देऊ नका, कडवट लागतात. जाड बुडाच्या कढईत एक चमचा तूप घालून पाव किलो चिरलेला गूळ वितळवा, पाणी घालू नका. फेस वर आला की वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा, लाडू सुटतील. बोटांनी मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद. गोळी वाटीवर आपटून टणकन वाजली तर पाक चिक्कीचा झाला. तीळ, कूट, खोबरं, वेलची घालून भराभर मिसळा आणि कढई गरम तव्यावर ठेवा, म्हणजे मिश्रण ऊब धरून राहतं. हाताला पाणी किंवा तूप लावून तिघांनी मिळून वळायला घ्या. पाच-सात मिनिटांत काम उरकलं पाहिजे. घट्ट झालंच तर मंद आचेवर मिनिटभर गरम करा, ते पुन्हा सैल होतं. पण तिसऱ्यांदा तापवलं तर पाक पुढे जातो, मग थापून वड्याच पाडाव्यात.

अॅलर्जीवाल्यांचा डबा वेगळ्या चमच्याने, वेगळ्या ओट्यावर भरा आणि त्यावर नाव लिहा. मधुमेही मंडळींना मीठ-लसूण घातलेली तिळाची चटणी द्या, आवडीने नेतात.

काटेरी हलवा घरी करण्याचा आग्रह धरू नका. कढईच्या कोमट बुडाशी तासन् तास, थेंब थेंब पाक सोडत तो हलवावा लागतो, आणि ठाण्याच्या दमट हवेत काटा फुलण्याआधीच चिकटतो. विकतचाच आणा. नव्या सुनेचे आणि बाळाचे दागिने नौपाड्यात गोखले रोडच्या बाजूला जानेवारी लागला की दिसू लागतात. मापाचे हवे असतील तर आठ-दहा दिवस आधी सांगा. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात ठेवा. उघड्यावर एका रात्रीत मुंग्या लागतात आणि हलवा ओला होऊन दोऱ्यावरून गळतो.

बोरन्हाण आणि हळदीकुंकू

यादीतली वर्षभरातली बाळं आणि पाच वर्षांखालची ज्यांचं राहिलंय ती मुलं एकत्र बसवा, पण एका वेळी दोघं-तिघंच. जास्त बसवली की एकाच्या रडण्याने सगळी रडतात. काळे कपडे, हलव्याचे दागिने, खाली स्वच्छ चादर. टोपलीत चुरमुरे निम्म्याहून जास्त, मग बोरं, उसाचे छोटे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, तिळगूळ, बत्तासे. डोक्यावरून वाटीने हळू सोडा, वरून ओतू नका. बोर आणि उसाचा तुकडा लागतो. लिमलेटच्या गोळ्या, सुटे शेंगदाणे, सुटे हरभरे टाकू नका. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात हेच अडकतं, आणि वेचणाऱ्या घोळक्यात तीही असतात. लहानांसाठी बिस्किटाचे छोटे पुडे आणि चेंडू टाका. चादर उचलताना बोरांच्या बिया मोजता येत नाहीत, म्हणून कडेला एक मोठं माणूस बसवा.

हळदीकुंकवाच्या आमंत्रणात "सुवासिनी" लिहू नका. "गल्लीतल्या सर्व महिला" लिहा आणि तसंच वागा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गल्लीला ठरावाचीही गरज नाही. समारंभाचं पहिलं कुंकू आणि पहिलं वाण गल्लीतल्या सर्वांत वडील बाईला द्या, मग तिचे यजमान असोत वा नसोत. वाण रोज वापरात येईल असं घ्या : सुती पिशवी, पंचपात्र, रोपाची कुंडी. प्लास्टिकच्या गाळण्या कोणीच वापरत नाही.

नव्या सुनेला आणि नव्याने राहायला आलेल्यांना नावाने पुढे बोलवा, आणि प्रत्येकाची फळ्यावरची बातमी एका वाक्यात सांगा. दोन मिनिटांच्या वर भाषण नको.

रस्ता, वीज, आवाज

रस्त्यावर मांडव घालायचा तर महापालिकेच्या प्रभाग समितीची परवानगी लागते, लाउडस्पीकरसाठी पोलिस ठाण्याची. अर्ज पंधरा दिवस आधी द्या. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे; चाळीस घरांच्या गल्लीला एक लहान स्पीकर पुरतो. खुर्च्या एकाच बाजूला मांडा, दुसऱ्या बाजूने रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवा आणि तिथे स्कूटरही लावू देऊ नका.

रोषणाईची वीज रस्त्याच्या खांबावरून घेऊ नका. ती चोरी आहे आणि धोक्याचीही आहे. एका घराच्या मीटरवरून, गळती झाली की बंद पडणाऱ्या स्विचमधून, अर्थिंग असलेली तीन तारांची वायर घ्या आणि त्या घराला त्या महिन्याच्या बिलातला फरक वर्गणीतून द्या. माळा रस्त्यापासून पंधरा फूट उंच बांधा, नाहीतर सामानाचा टेम्पो त्या ओढून नेतो.

पतंगांना नायलॉनचा मांजा नको, त्यावर बंदी आहे. मुलांना सुती दोरा द्या, आणि महावितरणच्या तारेत अडकलेला पतंग काढायला कोणालाही काठी घेऊन गच्चीवर जाऊ देऊ नका.

समारंभानंतर आधी कोरडा झाडू, मग पाणी. उलटं केलं की गूळ-साखर रस्त्यावर चिकटते आणि मुंग्यांची रांग आठवडाभर हटत नाही. जे आले नाहीत त्यांचे लाडू त्याच रात्री डब्यात भरून नावं लावा आणि दुसऱ्या दिवशी पोहोचवा. कळवा, माजिवडा, घोडबंदरचे डबे एकाच स्कूटरवर जातात. जमा-खर्च आठ दिवसांत फळ्यावर लावा, उरलेली रक्कम लिहून. वहीतलं पान मात्र फाडू नका : त्यात या वर्षीच्या बाळांची जन्मतारीख असते, आणि पुढच्या वर्षी कोण कोण बोरन्हाणाला बसेल ते त्यावरूनच कळतं.