आई-वडिलांच्या दीर्घ शुश्रूषेचा खर्च कसा उभा करावा

आईचा खुबा मोडला तेव्हा ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेममधून मिळाले. खरा खर्च तिला घरी आणल्यावर सुरू झाला. दिवसाची मावशी, रात्रीची मावशी, डायपर, एअर बेड. मावश्यांच्या पगाराचा एक रुपयाही विम्यातून मिळाला नाही. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर उत्पन्न कितीही असलं तरी कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तेही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. कार्ड जरूर काढा, मात्र रोजच्या सांभाळाची सोय वेगळीच करावी लागते.

आधी वही घाला. एका पानावर महिन्याचा सगळा खर्च लिहा. मावशी रजेवर गेली की ब्यूरोतून येणाऱ्या बदली बाईचे जादा पैसेही त्यात धरा. समोरच्या पानावर पेन्शन, व्याज, भाडं. वजाबाकी केल्यावर उरते ती तूट. भावंडांनी बोलायचं ते या आकड्यावर. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनात ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ नंतर ३० टक्के जादा मिळतात. आईला कुटुंब निवृत्तिवेतन असेल, तर बँकेच्या नोंदीत तिची जन्मतारीख आहे का ते पाहा. ती नसली की ही वाढ अडकून राहते.

मग ठेवींना कामाला लावा. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५ मधला दर ८.२ टक्के, म्हणजे पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. आई आणि बाबा दोघांची खाती वेगवेगळी काढता येतात. सगळी पुंजी मात्र तिथे अडकवू नका. मुदतीआधी मोडलं तर कपात होते, म्हणून सहा महिन्यांचा खर्च साध्या ठेवीत हाताशी राहू द्या.

आता घर. आपल्याकडे आयुष्यभराची कमाई बहुतेक भिंतींतच असते. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये ६० वर्षांवरच्या मालकाला राहत्या घरावर बँक दरमहा पैसे देते. हप्ता भरायचा नसतो, आणि मालकांच्या पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवता येतं. पण घर कायमचं सोडलं की कर्ज फेडावं लागतं. सलग वर्षभर तिथे कुणी राहिलं नाही, तर ते कायमचं सोडणं धरलं जाऊ शकतं. त्यामुळे घरीच मावशी ठेवणार असाल तर हा मार्ग चांगला, वृद्धनिवासात जाणार असाल तर नाही. तेव्हा घर भाड्याने द्यावं, नाहीतर सरळ विकावं. "वडिलांचं घर विकलं" म्हणून नातेवाईक बोलतील. त्या घराचे पैसे वडिलांच्याच सांभाळाला लागत असतील तर त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

वृद्धनिवासाची अनामत भरण्याआधी हे लेखी घ्या: किती रक्कम परत मिळणार आणि कधी, हॉस्पिटलात असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, आणि माणूस अंथरुणाला खिळला किंवा त्याला विस्मरण झालं तर ठेवून घेणार की घरी न्यायला सांगणार. शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचाराच.

ऐपत असून मुलं पैसे देत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मुलाच्या नावे घर बक्षीस देणार असाल, तर सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहा. ती मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हातात काहीच नसलेल्या ६५ वर्षांवरच्यांसाठी तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजना आहे, महिना १,५०० रुपये. कुठे जावं कळेनासं झालं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन लावा.

एक काम आजच करा: आई-बाबांच्या खात्याला कुणा एकाचं नाव जोडून घ्या, "दोघांपैकी कोणीही" अशा सहीने. आम्ही ते लांबवलं. आईचा हात थरथरू लागला, सही जुळेना. शेवटी बँकेचा माणूस घरी येऊन तिचा अंगठा घेऊन गेला, त्यात तीन आठवडे गेले. तोवर मावश्यांचे पगार धाकट्या भावाने खिशातून भरले.