बारीक दोरीचे स्पिनिंग रीळ : निवडताना आणि भरताना या चुका टाळा

गळाने मासे पकडताना काठीला, म्हणजे रॉडला, दोरी गुंडाळणारे रीळ लावतात; जाड दोरी या रिळाच्या पुष्कळ उणिवा सोसून घेते. स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळली जाते ते नळकांडे, थोडे कमी भरलेले असो, दोरी ज्यावरून आत येते तो रोलर अडकत फिरत असो किंवा वेढे ढिले बसलेले असोत, तिच्यावर दिवस निभावून जातो. दोन-अडीच किलो ताण पेलणारी, जेमतेम 0.20 मिलिमीटर जाडीची दोरी मात्र यातले काहीच खपवून घेत नाही. ती गुंतली किंवा मासा लागताच तुटली, की दोष दोरीला दिला जातो आणि लगेच दुसरी दोरी आणली जाते. माझ्या अनुभवात मूळ चूक बहुतेक वेळा पाण्यावर जाण्यापूर्वीच, रीळ निवडताना किंवा भरताना झालेली असते.

निवडीतली पहिली चूक म्हणजे ‘दोरी बारीक, तर रीळही सर्वांत लहान’ हा समज. स्पूलचा व्यास जितका कमी, तितकी एकपदरी नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, घट्ट वेटोळ्यांचे वळण धरतो आणि फेकताना ती वेटोळी रॉडच्या कड्यांवर आपटत जातात. म्हणून मी खोल आणि अरुंद स्पूलपेक्षा उथळ पण रुंद व्यासाचे स्पूल पसंत करतो. रिळावरचे 1000, 2000 किंवा 2500 हे आकाराचे आकडे सर्व उत्पादकांचे एकाच मापाने ठरलेले नसतात, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची रिळे केवळ आकडा पाहून तोलू नयेत; स्पूल प्रत्यक्ष हातात धरून पाहावे.

दुसरी चूक बेअरिंगची संख्या मोजत बसण्याची. बारीक दोरीसाठी त्याहून महत्त्वाच्या जागा दोन आहेत : तारेच्या कमानीच्या (फेकताना उघडायच्या आणि दोरी घेताना ती स्पूलवर वळवणाऱ्या) टोकाचा रोलर आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर स्पूल फिरू देऊन दोरी सोडणारा अटकाव. कमान बंद करून दोरी हलक्या ताणाने ओढून पाहावी. रोलर दोरीबरोबर फिरला पाहिजे. तो स्थिर राहून दोरी त्यावरून नुसती घासत गेली, तर तिला पीळही पडतो आणि तिचा पृष्ठभागही झिजतो. ड्रॅगच्या बाबतीत तो किती किलोपर्यंत आवळता येतो, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. आपल्याला लागतो अर्ध्या-पाऊण किलोचा ताण, आणि तेवढ्या कमी ताणावर स्पूल झटका न देता सुटते का, हे पाहायचे असते. सुटण्याच्या क्षणी लागणारा ताण नंतरच्या ताणापेक्षा बराच जास्त असेल, तर दोरी नेमकी त्या क्षणी तुटते.

आता भरण्याकडे वळू, कारण खरा घोटाळा येथेच होतो. स्पिनिंग रिळात दोरी घेताना स्पूल स्थिर राहते आणि रोटर, म्हणजे कमान बसवलेला भाग, हँडलबरोबर त्याच्याभोवती फिरतो; म्हणजे प्रत्येक वेढ्याबरोबर दोरीला एक पीळ बसतो आणि फेकताना तो वेढा टोकावरून सुटला की तो पीळ निघून जातो. हा हिशेब आपोआप जुळणारा आहे. तो बिघडतो तो नवी दोरी ज्यावर गुंडाळून दुकानात मिळते त्या चक्रीमुळे. चक्री जमिनीवर आडवी ठेवून तिच्या टोकावरून दोरी काढली, तर तीही प्रत्येक वेढ्याला एक जादा पीळ देते. चक्री आसावर फिरती ठेवून, तिला हलका अटकाव करून दोरी सरळ घेतली, तर हा जादा पीळ येत नाही. चक्री आडवी ठेवणारेही अनेक आहेत, आणि लेबल वर की खाली यावर पुष्कळ वाद होतो. मी वादापेक्षा चाचणीवर विसंबतो : दहा-पंधरा वेढे घेऊन थांबावे, मधली दोरी हातभर ढिली सोडावी, आणि ती स्वतःभोवती वळू लागली तर चक्री उलटी करून पुन्हा पाहावे. पूर्ण स्पूल भरल्यावर ही चूक लक्षात आली, तर सगळी दोरी काढण्यावाचून गत्यंतर नसते.

भरताना ओल्या फडक्यातून किंवा दोन बोटांच्या चिमटीतून दोरीवर एकसारखा ताण ठेवावा. ताण कमी पडला तर वेढे सैल बसतात आणि एखादा मासा जोराने ओढू लागला की वरची दोरी खालच्या थरांत रुतते. अनेक बारीक धागे विणून केलेल्या दोरीत हे विशेष घडते. नायलॉनला उलट फार ओढूही नये. ती ताणली जाते, आणि ताणलेल्या अवस्थेत गुंडाळली गेली की वेटोळ्यांचे वळण अधिकच पक्के होते.

स्पूल किती भरावे? काठापासून दोन ते तीन मिलिमीटर खाली थांबावे. कमी भरले तर दोरी काठावर घासून फेक आखूड पडते. जास्त भरले तर एकाच वेळी अनेक वेढे सुटून गुंता होतो. फ्लुरोकार्बन (नायलॉनहून वेगळ्या प्लास्टिकची एकपदरी दोरी) ताठ असल्याने स्पूलवरून उसळते, म्हणून ते भरताना मी थोडे आणखी अलीकडे थांबतो.

स्पूल कमी भरण्याचा एक तोटा सहसा लक्षात येत नाही. ड्रॅगची पकड तीच राहिली, तरी दोरीच्या वेढ्याची त्रिज्या कमी झाली की दोरीवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. त्रिज्या 20 मिलिमीटरवरून 15 झाली, तर 600 ग्रॅमला लावलेला ड्रॅग प्रत्यक्षात 800 ग्रॅमचा होतो. मासा लांब पळाल्यावर ‘विनाकारण’ तुटलेल्या दोरीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

स्पूल खोल असेल, तर सगळीच बारीक दोरी भरण्याऐवजी खाली भरीची जाड दोरी घालावी. दोरीची लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते : ज्या स्पूलवर 0.30 मिलिमीटरची 100 मीटर दोरी मावते, त्यावर 0.20 मिलिमीटरची सुमारे 225 मीटर मावेल. विणलेल्या दोरीखाली नायलॉनचे थोडे वेढे घेणे तर आवश्यकच आहे, कारण ती गुळगुळीत धातूवर पकड धरत नाही. ताण येताच दोरीचा संपूर्ण गठ्ठा स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते.

पाण्यावर गेल्यानंतरच्या चुका थोड्या आहेत, पण त्या रोज घडतात. फेक पूर्ण झाल्यावर कमान हँडल फिरवून बंद करू नये. ती हाताने बंद करून, दोरी रोलरवर ताठ बसल्याची खात्री करावी. ढिली दोरी तशीच गुंडाळली गेली, तर स्पूलवर एक सैल वेढा राहतो आणि पुढच्या फेकीत त्याचाच गुंता होऊन बाहेर येतो. त्याहून वाईट सवय म्हणजे मासा ओढत असताना, स्पूल सुटत असताना हँडल फिरवत राहणे. रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला दोरीत एक पीळ भरला जातो. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाच वेळा फिरणाऱ्या रिळावर असे दहा फेरे मारले, तर पन्नास पीळ झाले. मासा पळत असेल तेव्हा हात थांबवावा. फिरणारे आमिष वापरताना स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ न देता स्वतः फिरणारा लहान सांधा, लावावे.

पीळ भरलाच, तर आमिष व वजन काढून नुसती दोरी वाहत्या पाण्यात किंवा चालत्या नावेमागे 50-60 मीटर सोडावी, काही मिनिटे ओढत ठेवावी आणि बोटांच्या ताणाखाली परत घ्यावी. वळण धरलेले नायलॉन पाणी शोषून मऊ होते, म्हणून स्पूल कोमट पाण्यात काही वेळ ठेवल्याने फरक पडतो. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, त्यामुळे तेथे हा उपाय निरुपयोगी आहे.

ड्रॅग अंदाजाने लावू नये. दोरीच्या ताणक्षमतेच्या चौथाई ते तिसरा हिस्सा, म्हणजे दोन किलोच्या दोरीला 500 ते 650 ग्रॅम, हे माप स्प्रिंगच्या काट्याने, रॉड वाकवून आणि दोरी सर्व कड्यांतून ओवून घ्यावे, कारण कड्यांच्या घर्षणाची भर त्यातच धरावी लागते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि बारीक दोरी तेथेच कमकुवत होते. परतल्यावर शेवटचा एक-दोन मीटर भाग नखावरून ओढून पाहावा, खरखर लागली तर तेवढा कापून टाकावा, आणि रीळ ठेवून देताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, म्हणजे त्यातल्या चकत्या दाबून बसणार नाहीत.