पेपर मागे घेण्यापूर्वी

जर्नलला पाठवलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, मागे घ्यायचं ठरलं की हात आधी मेल लिहायला शिवशिवतात. पण मेल सगळ्यात शेवटी. त्याआधी पेपर सध्या कुठे अडकलाय ते पाहा. सबमिशन सिस्टिमने बनवलेल्या पीडीएफला तुम्ही अजून मंजुरीच दिली नसेल, तर बहुतेक ठिकाणी तो स्वतःच काढून टाकता येतो आणि विषय तिथेच मिटतो. तो एडिटरकडे गेला असेल तर विनंती करावी लागते. स्वीकारला गेला असेल तर करार आणि शुल्काची गुंतागुंत वाढते. आणि छापून आला असेल तर आता मागे घेणं नव्हे, रिट्रॅक्शनच, म्हणजे छापलेला पेपर जाहीरपणे रद्द करणंच, उरतं. त्याची नोंद पेपरला कायमची चिकटते.

मग कारण स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. आकडेमोडीत चूक सापडली असेल, तर पेपर मागे घेणं खरंच गरजेचं आहे का? चूक लहान असेल आणि परीक्षण चालू असेल, तर एडिटरला कळवून सुधारित फाइल पाठवायची परवानगी मागता येते. निष्कर्षच डळमळत असतील, तर मात्र वेळ न घालवता मागे घ्या. नुसता उशीर होत असेल, तर आधी दोन ओळींत पेपरची स्थिती विचारा. कित्येकदा रिव्ह्यूअर (परीक्षक) मिळत नाही एवढंच कारण निघतं. रिव्ह्यू चांगले आले म्हणून पेपर उचलून मोठ्या जर्नलकडे न्यायचा विचार असेल, तर सोडून द्या. रिव्ह्यूअर बहुधा बिनपैशाने वाचतात, आणि एडिटरच्या हे लक्षात राहतं.

सहलेखकांवर थोडा जास्त वेळ घालवा; गाडी इथेच अडते. सगळ्यांची लेखी संमती घ्या. संस्था सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची आणि जुन्या मेलवरून उत्तर न देणाऱ्या सहकाऱ्याचीसुद्धा. 'फोनवर हो म्हणाले होते' याला नंतर काही किंमत नसते. नावांच्या क्रमावरूनच भांडण असेल, तर पेपर मागे घेतल्याने ते मिटणार नाही. लेखक कोण, याचा निवाडाही जर्नलचे एडिटर सहसा करत नाहीत, ते संस्थेकडे बोट दाखवतात. तेव्हा तो गुंता आधी घरातच सोडवलेला बरा.

आता कागद जमवा. मॅन्युस्क्रिप्ट क्रमांक (जर्नलने पेपरला दिलेला), सबमिट करताना होतं तेच शीर्षक, तारीख, सर्व लेखकांची नावं. सबमिट झालेली पीडीएफ, आलेले रिव्ह्यू आणि स्थितीचा स्क्रीनशॉट उतरवून ठेवा; पुढे खात्यातून ते दिसतीलच असं नाही. लेखकांसाठीच्या सूचना पुन्हा वाचा. काही जर्नल पेपर मागे घ्यायचेही पैसे मागतात. तो नियम आधी कुठेच लिहिलेला नसेल, तर घाबरून पैसे भरू नका, नियम लेखी मागा. कॉपीराइट फॉर्मवर सही झाली असेल, तर हक्क परत मिळाल्याचा उल्लेख उत्तरात मागून घ्या.

प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन खुली ठेवलेली पेपरची प्रत, वेगळा सांभाळावा लागतो. जर्नलमधून पेपर काढला तरी प्रीप्रिंट तसाच राहतो. १९९१ पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर 'विथड्रॉन' असा शेरा मारता येतो, पण आधीच्या आवृत्त्या कुणालाही उघडता येतात. चूक असेल तर कारण तिथेही लिहा.

मग मेल. नोंदणी केलेल्या पत्त्यावरून, कॉरस्पाँडिंग ऑथरनेच (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने) लिहायचा, सीसीमध्ये सगळे सहलेखक. विषयाच्या ओळीत क्रमांक, मजकुरात चार-पाच वाक्यं: काय मागे घेतोय, का, सर्वांची संमती आहे, लेखी दुजोरा हवा आहे, आणि आभार. तक्रार नको. रागात लिहिलेला मसुदा एक रात्र तसाच ठेवा. मीही एकदा ठेवला आणि सकाळी निम्मा खोडला.

दुजोरा येईपर्यंत दुसरीकडे सबमिट करू नका. तोपर्यंत पेपर पहिल्याच जर्नलकडे असतो आणि दोन ठिकाणी पाठवलेला धरला जातो. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. आठवड्या-दोन आठवड्यांनी आठवण करा, मग संपादकीय कार्यालयाला, मग प्रकाशकाला लिहा, आणि प्रत्येक मेलची तारीख जपा. दुजोरा आला की सीव्हीमधली 'परीक्षणाखाली' ही ओळही काढा, ती हमखास राहून जाते.