बाळ अजून चालत नाही, बाबांना आता समजत नाही: वय आणि वाढीबद्दलच्या या चुका टाळा

माझी मुलगी तेरा महिन्यांची झाली तरी पाऊल टाकत नव्हती, रांगायचीही नाही, बसल्या बसल्या घसरत अख्खं घर फिरायची. मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्रच शिकवत होते, वर्गात वाढीच्या अवस्था फळ्यावर लिहून द्यायचे आणि घरी आल्यावर शेजारच्या काकू "अगं आमचा दहाव्या महिन्यात पळत होता" म्हणाल्या की रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. साडेपंधराव्या महिन्यात ती एक दिवस सोफ्याला धरून उठली आणि टीपॉयपर्यंत चालत गेली, बस एवढंच. तेव्हापासून आईबाबा, आजी, शिक्षक कोणीही काही विचारायला आलं की मी आधी एकच बघते, की यांनी वयाची पट्टी कुठून आणलीय आणि ती कुणाला लावतायत. कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

सरासरी म्हणजे डेडलाइन समजणं

"एक वर्षाचं झालं की चालतं" हे वाक्य आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की बारा महिने पूर्ण झाले रे झाले, टेन्शन सुरू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या ८१६ निरोगी बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपली दिल्लीची बाळं पण होती. आधाराशिवाय चालायला लागायचं वय निघालं साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत, म्हणजे चांगला नऊ महिन्यांचा फरक आणि सगळी मुलं नॉर्मल! शिवाय ४ टक्क्यांच्या आसपास मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे मला तेराव्या महिन्यात कुणी नीट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि घाई म्हणून वॉकर आणू नका, प्लीज. वॉकरमध्ये बाळ बोटांच्या टोकांवर ढकलत जातं, तोल सांभाळायची प्रॅक्टिस होत नाही, वर पायऱ्यांवरून पडणं, गॅसपर्यंत किंवा गरम चहापर्यंत हात पोचणं हे वेगळंच. कॅनडाने २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी अंथरा आणि बाळाला मोकळं सोडा.

पण याची उलटी चूक पण तेवढीच वाईट, "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणून तीन वर्षं वाट बघत बसायचं. अठरा महिने होऊनही चालत नाही, वर्ष उलटून गेलं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती गोष्ट बोटाने दाखवत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेली गोष्ट जायला लागली, म्हणजे आधी शब्द बोलत होतं आणि आता बंद झालं, तर शेजाऱ्यांना विचारू नका, डॉक्टरकडे जा. खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून तपासणी होते आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

"एवढं साधं कळत नाही का तुला?"

माझा भाचा साडेचार वर्षांचा असताना एकदा घरात ताकावरून रडारड झाली. दोघा भावंडांना सारखंच ताक दिलेलं, एकाला बुटक्या रुंद पेल्यात, दुसऱ्याला उंच काचेच्या ग्लासात. भाचा बुटका पेला घेऊन ओरडतोय, त्याला जास्त मला कमी. बहिणीने त्याच्यासमोर मोजून दाखवलं, बुटक्यातलं ताक तसल्याच दुसऱ्या उंच ग्लासात ओतलं, दोन्ही बरोबर, तो म्हणाला हो सेम आहे. परत पेल्यात ओतलं, परत रडायला लागला, आता कमी झालं! बहीण वैतागून म्हणाली हा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नव्हता. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना नेमकं हेच करायला लावून बघितलं होतं. साधारण दोन ते सात या वयात मूल एका वेळी एकच गोष्ट पकडतं, उंची दिसली की रुंदी सुटते. त्या दिवशीचा उपाय अर्ध्या मिनिटाचा होता, दोघांना एकसारखे ग्लास द्या, लेक्चर नको.

आता शिक्षक आणि बीएड करणारे इथे दुसरी चूक करतात, पियाजेने सांगितलेली वयाची अवस्था म्हणजे भिंत आहे असं धरतात, "सातच्या आधी याला हे जमणारच नाही". १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी असाच एक प्रयोग थोडा बदलून केला. दोन ओळींत सारख्या सोंगट्या, आणि एक ओळ मोठ्या माणसाने लांबवायच्या ऐवजी एक खोडकर टेडी येऊन विस्कटतो. तर बरीच जास्त मुलं बरोबर म्हणाली की सोंगट्या तेवढ्याच आहेत! म्हणजे मूल कधी कधी चुकतं ते समजत नाही म्हणून नव्हे, मोठा माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतोय म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार असं वाटून. आपल्या वर्गात हे रोज होतं. "नक्की का?" असं बाईंनी विचारलं की बरोबर आलेलं उत्तर पण पोरं बदलतात.

याच धाग्यात तीन वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत अ आ इ गिरवायला बसवणं पण येतं. बोटांची पकडच तयार नसते, मग वाकडं आलं की ओरडा आणि मग वही बघितली की पोटात दुखतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर भागात बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली ती पानं, बिया, शंख, खडे हातात देऊन, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात. रशियाचा मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणायचा तेही याच्या जवळचंच आहे, मुलाला एकट्याने जमत नाही पण कुणी थोडा हात दिला तर जमतं असा एक पट्टा असतो, शिकवायचं तिथे. बटण लावताना काजात अर्धं तुम्ही घाला, उरलेलं त्याला ओढू द्या.

डोळा चुकवून घरातून निघणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते आणि करणाऱ्याच्या मनात मायाच असते. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई दिसेनाशी झाली की रडतं, म्हणून आजी म्हणते "तू मागच्या दाराने जा, मी चिऊ दाखवते". पण बाळ या वयात का रडायला लागलं? कारण त्याला आता कळायला लागलंय की नजरेआड गेलेली वस्तू, माणूस कुठेतरी असतं. म्हणजे रडणं हे वाढीचंच लक्षण आहे. गुपचूप गेलात की आई कधीही गायब होऊ शकते हे त्याला समजतं आणि मग तुम्ही बाथरूमला गेलात तरी चिकटून बसतं. त्यापेक्षा रोज एकसारखं करा, टाटा, एक पापी, "आई येणार", आणि निघा, उंबऱ्यात दहा मिनिटं घुटमळू नका.

नोकरी करणाऱ्या आयांना पाळणाघरावरून जो अपराधीपणा दिला जातो त्याचा मला फार राग येतो. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी १९५४-५५ मध्ये युगांडात आयाबाळांना त्यांच्या घरी जाऊन बघितलं, मग अमेरिकेत बाल्टिमोरला साधारण वीस मिनिटांची एक चाचणी बसवली. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते. त्यात बाळ रडलं किती यापेक्षा आई परत आल्यावर तिच्याकडे येऊन शांत होतं का हे महत्त्वाचं. म्हणून संध्याकाळी तुम्हाला बघून बाळ एकदम हंबरडा फोडतं तेव्हा "दिवसभर हाल झाले वाटतं" असा थेट निष्कर्ष काढू नका, कडेवर घ्या, बघा किती वेळात शांत होतंय. आणि असा अनुबंध, म्हणजे मायेचं घट्ट नातं, एकट्या आईशीच होतो असं अजिबात नाही, आजीशी होतो, बाबांशी होतो, पाळणाघरातल्या मावशींशी होतो. मात्र त्या मावशी दर महिन्याला बदलत असतील तर तिथे खरंच विचार करा.

लहानपणी झालं म्हणजे आता कायमचंच

"त्याचे वडील पीत होते, तो तसाच होणार" हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पण ऐकलंय. हवाई बेटांतल्या काउआईवर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बाळांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत घेतला. गरिबी, घरात दारू, आजारपण अशा बऱ्याच गोष्टी एकत्र असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं व्यवस्थित, मायाळू, कर्तबगार झाली, आणि त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, घरात किंवा बाहेर एक तरी माणूस त्यांना घट्ट धरून होतं. आजी, मावशी, एखादे सर.

टीनएजरला अर्धवट मोठा माणूस समजणं

इथे थोडक्यात सांगते. रात्री बारापर्यंत जागं आणि सकाळी उठत नाही यात मोबाइलचा हात आहेच, पण या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते, त्यामुळे पहाटे पाचला उठवून अभ्यासाला बसवलं तर पोरगं पुस्तकासमोर नुसतं बसतं. दुसरं, एकटा असताना समजूतदार वागणारा मुलगा मित्र मागे बसले की गाडी भरधाव का मारतो? २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी गाडीच्या कॉम्प्युटर गेमवर बघितलं तर मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेली रिस्क जवळपास दुप्पट झाली, मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणून "नीट चालव रे" यापेक्षा ट्रिपल सीट नाही हा नियम जास्त कामाचा.

आणि दहावीनंतर चटकन "मी डॉक्टरच होणार" म्हणणारा मुलगा बघून खूश होताना एकदा विचारा, दुसरं काय काय बघितलंस? जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये सांगितलं होतं की काही मुलं न शोधताच आईबाबांचं उत्तर उचलतात. पोरगं गोंधळलेलं आहे, दर महिन्याला नवीन काहीतरी म्हणतंय, हे बऱ्याचदा बरं असतं.

मोठं झालं की वाढ संपली

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे मांडले आणि त्यातले तीन विशीच्या पुढचे आहेत. याच एरिक्सनने गांधीजींवर पुस्तक लिहिताना लक्ष लावलं ते १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपावर, गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे होते! पण आपण वाढ म्हटलं की बाळंच बघतो आणि साठीनंतर एकच शब्द वापरतो, "वय झालं".

हे आमच्या घरात झालं म्हणून जरा जास्त लिहिते. माझे बाबा चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकाहत्तराव्या वर्षी जेवताना गप्प बसायला लागले, विचारलं एक की उत्तर भलतंच, मग भजनाला जाणं बंद केलं, म्हणाले "आता ताल सुटतो". आम्ही सगळ्यांनी, मी सुद्धा, मनात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, ठरवून टाकला, एका डॉक्टरांनी पण न तपासता "वयामुळे होतं" म्हणून परत पाठवलं. आठ महिने गेले त्यात. शेवटी कानाची तपासणी केली तर दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येत होतं, बुवांचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शिया साधारण ७.४ टक्के आहे असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना तो नाही. चावी कुठे ठेवली ते विसरणं वेगळं आणि चावी हातात धरून हिचं काय करायचं ते न कळणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशोब एकदम न जमणं, स्वयंपाकाची नेहमीची पद्धत मोडणं असं दिसलं तर नक्की दाखवा, आणि सोबत कान, बी-१२, थायरॉइड, चालू औषधं आणि उदासपणा हे तपासून घ्या, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. दोन-तीन दिवसांत अचानक बरळणं सुरू झालं असेल तर थांबूच नका, सरळ हॉस्पिटल गाठा, लघवीच्या इन्फेक्शननेही तसं होतं.

अजून एक, नातवाशी तुलना. पूर्वी संशोधकही विशीतले आणि सत्तरीतले एकाच दिवशी तपासून म्हणायचे बघा बुद्धी घसरते. मग वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिएटलमध्ये त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासलं तेव्हा दिसलं की त्यातला बराच फरक वयाचा नाही, पिढीचा आणि शिक्षणाचा होता. वेग कमी होतो हे खरंय, पण शब्दांचं ज्ञान, अनुभवाची समज बरीच वर्षं टिकते. आजोबा सातवी शिकलेले आणि नातू इंजिनिअर, मग यूपीआय कुणाला पटकन जमणार?

पियानो वाजवणारे आर्थर रुबिनस्टाइन म्हातारपणीही कसे वाजवत होते हे पॉल बाल्टेस हे मानसशास्त्रज्ञ नेहमी सांगायचे. कमी रचना निवडायच्या, त्यांचाच जास्त रियाज करायचा, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम सावकाश वाजवायचा म्हणजे पुढचा जलद वाटतो. बाबांना हे मी वाचून दाखवलं नव्हतं. कानाचं मशीन लागल्यावर महिनाभराने त्यांनी स्वतःच ठरवलं, एकादशीला रात्रभर बसायचं नाही, फक्त सुरुवातीचे दोन अभंग. ते दोनच रोज दुपारी वाजवतात, आधी परातीत थोडी कणीक मळून पखवाजाच्या डाव्या बाजूला लावतात, थाप मारून बघतात, परत थोडी काढतात.