डेल्फ बी-टूची शेवटच्या पंधरा दिवसांची उजळणी : या चुका टाळा

डेल्फ बी-टू ही फ्रेंच भाषेची परीक्षा. तिच्या तयारीचा इंटेन्सिव्ह कोर्स म्हणजे दहा ते पंधरा दिवस, रोज चार-पाच तास. एवढ्यात नवी फ्रेंच येत नाही. जी येते ती घड्याळ लावून कागदावर आणि तोंडातून बाहेर काढायची सवय लागते, आणि परीक्षेला तीच लागते. तरी प्रत्येक बॅचला निम्मे विद्यार्थी पहिल्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक पान एकपासून उघडतात. आर्टिकल, वर्तमानकाळ, सर्वनामं करत करत दहाव्या दिवशी सब्जोंक्तिफपर्यंत (इच्छा, शंका अशा ठिकाणी येणारं क्रियापदाचं रूप) पोचतात. तोवर पूर्ण पेपर एकही लिहिलेला नसतो.

पहिल्याच दिवशी एक पूर्ण पेपर सोडवा. लेखी भाग अडीच तासांचा : ऐकणं साधारण अर्धा तास, वाचन एक तास, लेखन एक तास. हे तीन आणि तोंडी परीक्षा अशा चार विभागांना प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५०. पण एकाही विभागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीचे गुण कितीही असोत, नापास. म्हणून उजळणीचा क्रम पुस्तक ठरवत नाही, हा पहिला पेपर ठरवतो. वहीत तीन रकाने आखा : काय लिहिलं, काय हवं होतं, का. एकच चूक तिसऱ्यांदा त्या वहीत आली की तेवढाच धडा उघडायचा. बाकीचं पुस्तक बंद.

आणि तपासून आलेला निबंध फाइलमध्ये टाकू नका. गुण बघून पुढच्या विषयाकडे पळणं ही घाई फार महाग पडते. दोन दिवसांनी तोच निबंध, जुना कागद न बघता, पुन्हा लिहा. दहा नवे निबंध एकेकदा लिहिण्यापेक्षा चार निबंध दोनदा लिहिलेले केव्हाही बरे.

लेखनातली सर्वांत जीवघेणी चूक व्याकरणाची नसते. एका सराव परीक्षेतला पेपर घ्या. प्रश्न असा : नगरपालिका तुमच्या भागातलं ग्रंथालय बंद करणार आहे, रहिवाशांच्या वतीनं महापौरांना पत्र लिहा. उत्तर ३१० शब्दांचं, सब्जोंक्तिफ तीन ठिकाणी आणि तिन्ही बरोबर, अक्षर सुंदर. पण मजकूर होता 'वाचनाचे महत्त्व'. महापौरांना संबोधन नाही, 'आम्ही रहिवासी' नाही, निर्णय मागे घ्या अशी मागणी नाही. सूचनेचं पालन, पत्राचं स्वरूप, वाचणारा कोण याचं भान, या सगळ्याचे गुण गेले. हुशार मुलीचा पेपर होता. तिनं प्रश्न वाचला होता, पण त्यातला 'ग्रंथालय' हा शब्द दिसताच पाठ केलेला निबंध हाताशी आला. पाठ निबंधांवर माझा राग आहे तो यासाठी.

उपाय साधा आहे. पेन्सिलीनं प्रश्नाखाली चार गोष्टी लिहायच्या : मी कोण, कोणाला, कशामुळे, काय मागतोय. मग एका तासाची वाटणी : १० मिनिटं आराखडा, ४० मिनिटं लेखन, १० मिनिटं तपासणी. पूर्ण कच्चं लिहून मग पक्कं उतरवायला बसू नका, वेळ पुरत नाही. शब्द किमान २५० लागतात आणि ते फ्रेंच पद्धतीनं मोजायचे : दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल तो एक शब्द. 'से-ता-दीर' (म्हणजे) लिहिताना जोडलेला असतो, म्हणून तो एकच.

तपासणीची १० मिनिटं कशावर घालवायची? क्रियापदांच्या शेवटांवर. 'पार्ले' (बोलणे या क्रियापदाची रूपं) हा एकच उच्चार कानाला ऐकू येतो, पण कागदावर तो 'ईआर', 'ईझेड' किंवा तिरकी रेघ असलेला 'ई' असा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. घाईत हात जो सवयीचा तो लिहून मोकळा होतो. शंका आली की त्या जागी विकणे या अर्थाचं क्रियापद घालून बघा. 'व्हाँद्र' बसलं तर 'ईआर', 'व्हाँद्यू' बसलं तर रेघेचा 'ई', 'व्हाँदे' बसलं तर 'ईझेड'. फ्रेंच शाळकरी मुलंही हीच युक्ती वापरतात.

पासे काँपोझेच्या, म्हणजे भूतकाळाच्या, अक्कोरला (लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलणं) उगाच घाबरतात. मराठी माणसाला तो जन्मापासून येतो. आपण 'मी गेलो' आणि 'मी गेले' असं म्हणतोच. एत्र (असणे) हे सहायक क्रियापद असलं की फ्रेंच तेच करते. 'पत्र लिहिलं' पण 'चिठ्ठी लिहिली', म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाणं हेही ओळखीचं. फरक एवढाच की आव्वार (जवळ असणे) या सहायक क्रियापदाबरोबर फ्रेंचमध्ये ते कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच होतं. 'झे एक्री ला लेत्र' (मी पत्र लिहिलं), पण 'ला लेत्र क झे एक्रित' (मी लिहिलेलं पत्र); फ्रेंचमध्ये 'लेत्र' स्त्रीलिंगी आहे. दुसऱ्या वाक्यातला तो शेवटचा 'त' मोठ्यानं म्हणा, तो चुकला तर कानालाच खटकायला लागेल.

लिंग मात्र मराठीवरून ठरवू नका. झाड आपल्याकडे नपुंसकलिंगी, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. नाम नेहमी 'अँ' (पुल्लिंगी) किंवा 'यून' (स्त्रीलिंगी) लावूनच पाठ करा.

'बियाँ क' (जरी) नंतर सब्जोंक्तिफ, 'एस्पेरे क' (आशा करणे) नंतर अँदिकातिफ, म्हणजे साध्या विधानाचं रूप. दोन्ही वाक्यं लिहून भिंतीवर लावा, वाद संपला.

फ्रेंच मालिका सबटायटल लावून बघणं हा ऐकण्याचा सराव नाही, वाचनाचा आहे.

आता तोंडी परीक्षा. दोन विषय चिठ्ठीनं निघतात, प्रत्येक म्हणजे एक छोटा लेख; त्यातला एक निवडायचा. तयारीला ३० मिनिटं, मग सुमारे २० मिनिटं परीक्षा : आधी पाच ते सात मिनिटं तुम्ही बोलायचं, नंतर परीक्षकांशी चर्चा. या तयारीच्या ३० मिनिटांत बहुतेक जण पूर्ण भाषण लिहायला घेतात. सात मिनिटं बोलायला आठशेच्या आसपास शब्द लागतात, एवढे अर्ध्या तासात लिहून होतच नाहीत. तिसऱ्या मिनिटाला लिहिलेलं संपतं, विद्यार्थी गप्प होतो आणि मग लेखाचा सारांश सांगू लागतो. सारांश मागितलेलाच नसतो. लेखातला प्रश्न कोणता आणि त्यावर तुमची भूमिका काय, हे हवं असतं. शिवाय वाचून दाखवणाऱ्याचा सूर सपाट होतो, डोळे कागदावर राहतात.

कागदावर दोनच वाक्यं पूर्ण लिहा : लेख कशाबद्दल आहे ते, आणि त्यातून निघणारा प्रश्न. पुढे तीन मुद्दे, प्रत्येकाखाली एक उदाहरण, सगळं फक्त नामांमध्ये. क्रियापद चालवून लिहायचं नाही, ते बोलताना चालवायचं. शेवटची ५ मिनिटं परीक्षक कुठे अडवतील याचे दोन प्रश्न काढून त्यांची उत्तरं तोंडातल्या तोंडात म्हणा. कोर्सच्या दिवसांत हे रोज एकदा, फोनवर रेकॉर्ड करून. रेकॉर्डिंग ऐकायला नको वाटतं म्हणून बरेच जण टाळतात. ऐकाच, आणि दोन वाक्यांमध्ये 'अअअ' किती वेळा येतं ते मोजा. त्या जागी 'आलॉर' (तर) किंवा 'दाँ ल फाँ' (मुळात) म्हणायची सवय चार-पाच दिवसांत लागते.