रिगवर पहिल्यांदा जाताना : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील कामगारांसाठी

उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा येथील कारखान्यांत काही वर्षे काढलेल्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किंवा क्रेन चालकाला समुद्रातील तेलाच्या रिगवर काम मिळू शकते का, असा प्रश्न आपल्या भागात वारंवार विचारला जातो. मिळू शकते, आणि आयटीआयचे प्रमाणपत्र, नोंद असलेला अनुभव व निरोगी शरीर एवढ्या भांडवलावर अनेकांना ते मिळालेही आहे. मात्र सीमाभागातील माणूस ज्या गुणाचा अभिमान बाळगतो, म्हणजे न कुरकुरता राबण्याचा, तो गुण रिगवर अर्धाच उपयोगी पडतो. उरलेले अर्धे काम विचारण्याचे, सांगण्याचे आणि वेळ पडल्यास थांबवण्याचे असते. ज्येष्ठांपुढे गप्प राहणे म्हणजे मर्यादा पाळणे, असे ज्याला घरी शिकवले गेले आहे, त्याला हे जड जाते, म्हणून पुढील सूचनांत त्यावर अधिक भर दिला आहे.

आधी आपण कोठे जाणार आहोत, ते समजून घ्यावे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर असलेले मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने केलेल्या खोदाईत सापडले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेथे समुद्राची खोली साधारण ७५ मीटर असल्यामुळे जॅक-अप प्रकारची रिग वापरता येते. ही रिग तरंगत ओढून आणली जाते, तिचे लोखंडी पाय समुद्रतळावर टेकवले जातात आणि मग तिचा धड भाग पाण्याच्या वर उचलला जातो. रिग विहीर खोदते किंवा दुरुस्त करते. खोदून झालेल्या विहिरीतील तेल व वायू गोळा करणारा प्लॅटफॉर्म वेगळा असतो. नोकरीच्या पत्रात यांपैकी काय लिहिले आहे ते नीट वाचावे, कारण दोन्हीकडील कामाचे स्वरूप भिन्न असते.

सुरुवात बहुधा रौस्टाबाउट म्हणून, म्हणजे डेकवरील मदतनीस म्हणून होते. मालवाहू जहाजातून येणारे सामान उतरवणे, स्लिंग (भार उचलण्याचे दोर) लावणे, गंज खरवडून रंग देणे आणि सफाई करणे ही त्याची कामे असतात. त्यानंतर ड्रिल फ्लोअरवरील, म्हणजे प्रत्यक्ष खोदाईच्या मंचावरील फ्लोअरमन, डेरिक या उंच मनोऱ्यावर काम करणारा डेरिकमन, असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर आणि खोदाईचा प्रमुख असलेला टूलपुशर अशी चढण आहे. वेल्डर, मेकॅनिक व इलेक्ट्रिशियन यांची वाट स्वतंत्र असते. स्वयंपाकी, स्टुअर्ड आणि वैद्यकीय मदतनीस यांचीही रिगला तितकीच गरज असते, पण आपल्याकडील हॉटेलांत काम शिकलेली मुले या जागांचा विचारच करत नाहीत.

कागदपत्रांची तयारी लवकर सुरू करावी. आपल्या भागात सातबाराऐवजी उतारा कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार इंग्रजीत, अशी स्थिती असते. त्यामुळे एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले आढळते. वडिलांचे नाव कोठे मध्ये तर कोठे शेवटी येते आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलते. पासपोर्टसाठी अर्ज करण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे, कारण पुढची सगळी प्रमाणपत्रे पासपोर्टवरील नावानेच निघतात. कारखान्यातून अनुभवाचे पत्र घेताना त्यावर यंत्राचे नाव, कामाचे स्वरूप आणि कालावधी लिहून घ्यावा. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला कोणी विचारत नाही.

एजंटाबाबत सावध राहावे. परदेशातील रिगवर पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असणे कायद्याने आवश्यक आहे आणि ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणी क्रमांक सांगण्यास जो टाळाटाळ करतो किंवा नियुक्तीपत्राआधीच मोठी रक्कम मागतो, त्याच्यासाठी शेत गहाण टाकू नये.

समुद्रावर जाण्यापूर्वी जीवरक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. यात आग विझवणे, प्रथमोपचार, लाइफबोट व लाइफराफ्टचा वापर आणि पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडणे यांचा समावेश असतो. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था गोव्यात बेतुल येथे आहे, म्हणजे खानापूरकराला लोंढ्याहून घाट उतरला की फार दूर नाही. मात्र कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र चालेल, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडूनच लेखी विचारून घ्यावे. आंतरराष्ट्रीय कंपन्या ओपिटो या संस्थेने मान्य केलेले, चार वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र मागतात.

पाण्यातील सराव हा या प्रशिक्षणातील सर्वांत भीतिदायक भाग वाटतो. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा पिंजरा तलावात बुडवून उलटा केला जातो. अशा वेळी एक हात खिडकीच्या चौकटीवर आणि दुसरा पट्ट्याच्या बकलवर ठेवावा, पाण्याचा लोट व हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडू नये आणि चौकटीवरचा हात न सोडता बाहेर पडावे. लाइफजॅकेट बाहेर आल्यावरच फुगवायचे असते, कारण आत फुगवल्यास ते माणसाला छताशी दाबून धरते आणि खिडकीपर्यंत पोहोचू देत नाही. गावच्या विहिरीत सूर मारणारे पट्टीचे पोहणारेही येथे घाबरतात, तर फारसे पोहता न येणारा पण प्रशिक्षकाचे शब्द लक्षात ठेवणारा शांतपणे बाहेर येतो. तरीही जाण्यापूर्वी पाण्यात डोके बुडवून श्वास रोखण्याचा सराव करून घ्यावा.

मुंबई हायला जाणारी हेलिकॉप्टरे प्रामुख्याने जुहूहून उडतात. तेथे माणसाचे व सामानाचे वजन केले जाते, त्यामुळे एक लहान मऊ बॅग पुरेशी समजावी. लाडू, चटणी आणि कुंदा यांचे डबे भरून देण्याची घरच्यांची हौस येथे आवरती घ्यावी लागते. काडेपेटी, लायटर व मद्य नेता येत नाही. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि पोहोचताच रिगवरील वैद्यकीय मदतनिसाला दाखवावीत. हेलिकॉप्टरकडे इशारा मिळाल्यावर, सांगितलेल्या बाजूनेच जावे आणि शेपटीकडे कधीही फिरकू नये.

रिगवर उतरताच सुरक्षेची माहिती दिली जाते आणि खोली, लाइफबोट व जमण्याची जागा ठरवून दिली जाते. त्या दिवशी झोपण्यापूर्वी आपल्या खोलीपासून लाइफबोटीपर्यंत दोन वेगवेगळ्या वाटांनी स्वतः चालून पाहावे, कारण धुराने जिना भरल्यावर भिंतीवरचा नकाशा कामास येत नाही. निरनिराळ्या भोंग्यांचे अर्थ पाठ करावेत. बोटातील अंगठी, मनगटातील कडे, गंडा किंवा दोरा काढून ठेवावा. ड्रिल फ्लोअरवर अडकलेली अंगठी बोट घेऊन जाते. गळ्यात तुळशीची माळ असणाऱ्यांनीही कामाच्या वेळी ती काढून कपाटात ठेवावी आणि पाळी संपल्यावर पुन्हा घालावी. यात श्रद्धेला बाधा येते असे मला वाटत नाही.

काम सलग बारा तासांच्या पाळीत चालते आणि रिग रविवारी किंवा सणाला थांबत नाही, कारण तिचे भाडे दिवसाला हजारो डॉलरच्या घरात असते. पाळीच्या आरंभी टूलबॉक्स टॉक होतो. त्यात आज कोणते काम, कोणता धोका आणि कोण कोठे उभा राहील, हे सांगितले जाते. समजले नाही तर तेथेच विचारावे, हिंदीत विचारले तरी चालते. परवाने व फलक मात्र इंग्रजीत असतात, म्हणून तेवढे वाचता येईल इतकी तयारी घरूनच करावी.

लहान कारखान्यात वाढलेल्या कामगाराला एक सवय मुद्दाम मोडावी लागते. यंत्राचे गार्ड काढून ठेवणे, हातमोजे न घालता गरम भाग उचलणे, मालकाची निकड पाहून काहीतरी जुगाड करून काम रेटणे, याचे आपल्याकडे कौतुक होते. रिगवर असा माणूस परतीच्या हेलिकॉप्टरने घरी पाठवला जातो. वेल्डिंग, उंचीवरील काम किंवा बंद टाकीत शिरणे यांसाठी लेखी परवाना लागतो आणि वीज किंवा दाब असलेल्या यंत्रावर हात घालण्यापूर्वी ते बंद करून कुलूप लावले जाते. क्रेनच्या भाराखाली उभे राहू नये, भाराला बांधलेली टॅग लाइन, म्हणजे भार सांभाळण्याची दोरी, हाताभोवती गुंडाळू नये आणि जेथे नजर पोहोचत नाही तेथे बोट घालू नये. धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार नवख्यालाही असतो. तो वापरल्याबद्दल मुकादम क्षणभर डोळे वटारेलही, पण ते सोसावे.

पाळी बदलताना द्यावयाचा निरोप ही या कामातील सर्वांत नाजूक गाठ आहे. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ रोजी दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही, पंप सुरू केला गेला आणि त्यातून भडकलेल्या आगीत १६७ जणांचा मृत्यू झाला. म्हणून पाळी संपण्याआधी काय पूर्ण झाले, काय अर्धवट आहे आणि कोणते यंत्र कोणी बंद ठेवले आहे, हे वहीत लिहावे, समोरच्याला जागेवर नेऊन दाखवावे आणि त्याच्याकडून ते परत वदवून घ्यावे. जेवणाची घाई असली तरी हे टाळू नये.

खोदाईच्या वेळी विहिरीत सोडला जाणारा ‘मड’ हा बेंटोनाइट, बॅराइट व इतर द्रव्यांचा गाळ असतो. तो बिट, म्हणजे खोदणारे टोक, थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालच्या वायूचा दाब रोखून धरतो. शेल शेकर, म्हणजे मडमधून चुरा वेगळा करणारी चाळणी, हिच्याजवळ नेमलेल्या नवख्याने परत येणारा मड अचानक वाढला किंवा टाकीची पातळी चढू लागली, तर स्वतः कारण शोधत न बसता ताबडतोब ड्रिलरला सांगावे. ती विहिरीत वायू शिरल्याची खूण असू शकते. शंका चुकीची निघाली तरी कोणी हसत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी पाहून, वारा जिकडून येतो त्या दिशेला आणि उंच जागी जावे.

राहणीचे नियम थोडक्यात असे. जेवण भरपूर असते आणि शाकाहारही मिळतो, परंतु एकादशीचा निर्जळी उपास करून उन्हात लोखंडावर बारा तास उभे राहणे धोक्याचे आहे. मोबाइल खोलीतच ठेवावा, कारण वायूच्या क्षेत्रात त्याची ठिणगीही पुरते. धूम्रपान नेमलेल्या खोलीतच करता येते. निपाणी हे तंबाखूचे आगर असल्याने स्पष्ट सांगितलेले बरे की, तोंडात तंबाखू धरून डेकवर थुंकणे तेथे खपत नाही. रात्रपाळी असल्यास दिवसा सात-आठ तास झोप घ्यावी आणि घरच्यांना फोनची वेळ त्याप्रमाणे ठरवून द्यावी, अन्यथा ऐन झोपेत घरून येणारे फोन थांबत नाहीत.

पावसाळ्यात हेलिकॉप्टरे रखडतात आणि बदली माणूस वेळेवर येत नाही. खराब हवा किती महाग पडू शकते, हे २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर दिसले. बोटांना जखम झालेल्या एका आचाऱ्याला उपचारासाठी उतरवण्याकरिता जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणले गेले, ते लाटांनी ढकलले जाऊन वायूच्या उभ्या नळीवर आदळले आणि लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. त्यामुळे किरकोळ वाटणारी जखमही लपवू नये आणि मुळात ती होऊ न देण्याची काळजी घ्यावी.

परतीचे रेल्वे किंवा बसचे तिकीट ठरलेल्या तारखेलाच काढू नये, एक-दोन दिवसांची सवड ठेवावी. पाळीचे चक्र कंपनीनुसार १४ किंवा २८ दिवसांचे असते आणि तितकीच सुटी मिळते. ती भातलावणी किंवा सुगीला जुळेलच याची खात्री नसल्याने शेतीची सोय भावकीशी आधीच बोलून ठेवावी. रात्रपाळी करून आलेल्याने बेळगावला पोहोचताच मोटारसायकल हाती घेऊ नये, आधी झोप भरून काढावी. सुटीतच वैद्यकीय तपासणी व प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांच्या मुदती पाहाव्यात आणि मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाची तारीख मागून घ्यावी.